तंत्रज्ञान कंपन्या केबल टीव्ही मोडीत काढतील का? नाशिकमधून पाहताना

गोदाकाठ (धागाकर्ता)

मोबाइल, इंटरनेट आणि ओटीटीच्या कंपन्या पारंपरिक केबल टीव्ही मोडीत काढतील का, असे विचारले की बहुतेक चर्चा ‘आता टीव्ही पाहतो कोण’ या वाक्याने सुरू होते आणि तिथेच विरते. मला हा प्रश्न थोडा उकलून मांडायचा आहे. केबल म्हणताना आपण वाहिन्यांच्या पॅकेजविषयी बोलतो, ते पॅकेज घरापर्यंत आणणाऱ्या तारेविषयी बोलतो आणि ती तार सांभाळणाऱ्या, महिन्याला पैसे न्यायला येणाऱ्या गल्लीतल्या केबलवाल्याविषयीही बोलतो. माझे मत असे आहे की पॅकेज या कंपन्यांनी बव्हंशी आपल्याकडे ओढले आहे, तार त्या विकत घेत आहेत, आणि केबलवाल्याचे काय होणार हे मात्र अजून ठरलेले नाही. शहराच्या दृष्टीने महत्त्वाचे ते शेवटचेच आहे.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे. १९९१ च्या आखाती युद्धाचे थेट प्रक्षेपण आणि त्याच वर्षी सुरू झालेला स्टार टीव्ही यांमुळे आपल्याकडे गच्चीवर छत्री आणि खांबाखांबावरून तारा आल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला. केबलचा कायदा मात्र १९९५ चा. तोपर्यंत सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड अशा भागांत कुणाची तार कुठपर्यंत याच्या हद्दी आपापसांत ठरूनही गेल्या होत्या. कायदा आल्यावर केबलचालकाची नोंदणी टपाल कार्यालयात पाचशे रुपये भरून होत असे. एवढ्या कमी भांडवलावर आणि एवढ्या कमी कागदांवर उभा राहिलेला, तरीही घराघरात पोहोचलेला दुसरा व्यवसाय मला आठवत नाही.

या व्यवसायाला पहिला मोठा हादरा तंत्रज्ञान कंपन्यांनी दिलेला नाही, तो केबल डिजिटल करण्याची सक्ती करणाऱ्या कायद्याने दिला. नाशिक दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत होते आणि त्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. अ‍ॅनालॉग काळात एका केबलवाल्याकडे किती जोडण्या आहेत हे तो सांगेल तेवढेच वाहिन्यांचा सिग्नल पुरवणाऱ्या वरच्या कंपनीला कळत असे. सेट टॉप बॉक्स आला आणि प्रत्येक घर वरच्या कंपनीच्या संगणकात नोंदले गेले. त्या दिवशी या धंद्यातली खरी सत्ता गल्लीतून हेडएंडकडे, म्हणजे वरच्या कंपनीच्या सिग्नल केंद्राकडे, सरकली. नेटफ्लिक्स भारतात जानेवारी २०१६ मध्ये आले, म्हणजे त्यानंतर जवळपास तीन वर्षांनी.

पुढे ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले आणि मोबाइल डेटाचे दर कोसळले. पण मला त्याहून बोलकी घटना ऑक्टोबर २०१८ ची वाटते. जिओच्या मालक रिलायन्सने दोन मोठ्या केबल कंपन्यांपैकी डेन नेटवर्क्समधील ६६ टक्के हिस्सा २,२९० कोटी रुपयांना आणि हॅथवेमधील ५१.३ टक्के हिस्सा २,९४० कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले. केबल मरणार आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या व्यवहाराचा अर्थ लावून पाहावा. देशातील सर्वात मोठ्या डेटा कंपनीला हजारो स्थानिक केबलचालकांशी असलेले संबंध आणि त्यांच्या तारा हव्या होत्या, कारण प्रत्येक सोसायटीच्या दारात नव्याने उभे राहणे तिलाही महाग पडले असते.

यावर येथील सभासदांचा, विशेषतः या व्यवसायात असलेल्यांचा, अनुभव वाचायला आवडेल.

तारवाला

गोदाकाठ सर, मी सिडकोत केबलचा व्यवसाय करतो, वडिलांपासून चालत आलेला आहे. आपण जे सत्तेविषयी लिहिले ते अगदी तसेच घडले, पण त्यात एक भर घालतो.

जुन्या कोअ‍ॅक्सिअल तारेच्या वाटेत ठराविक अंतरावर सिग्नल वाढवणारे अ‍ॅम्प्लिफायर लागत आणि प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरला वीज लागे. भारनियमनाच्या काळात ग्राहकाच्या घरी इन्व्हर्टर असे, टीव्ही चालू असे, पण मधल्या एखाद्या गल्लीत वीज गेली की चित्र जाई आणि शिव्या आम्हांला बसत. पावसाळ्यात जोडांत पाणी शिरे, उंदीर तार कुरतडत. फायबर आल्यावर यातला बराचसा ताप संपला. मधे फक्त सिग्नल घराघरांत वाटणारा स्प्लिटर असतो, त्याला वीज लागत नाही. तेव्हा नवे तंत्रज्ञान आमच्या मुळावर आले असे मी म्हणणार नाही. उलट त्याच खांबांवरून, त्याच गच्च्यांवरून आम्हांला इंटरनेट देता आले आणि आज माझ्याकडे असे अनेक ग्राहक आहेत ज्यांचा बॉक्स बंद पडला आहे पण राउटर सुरू आहे.

खरी अडचण हिशेबाची आहे. २०१९ च्या नव्या दररचनेत शंभर वाहिन्यांसाठी महिन्याचे नेटवर्क शुल्क (केबलचे जाळे वापरण्याचे भाडे) कमाल १३० रुपये ठरले, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. वेगळा करार नसेल तर त्या १३० रुपयांची वाटणी वरच्या कंपनीला ५५ आणि आम्हांला ४५ टक्के. म्हणजे एका घरामागे साधारण साडेअठ्ठावन्न रुपये, आणि सशुल्क वाहिन्यांच्या कमिशनचा थोडा हिस्सा. त्यातून पोरांचे पगार, पेट्रोल, फायबर जोडायचे स्प्लायसिंगचे मशीन, तुटलेली तार, रस्ता खोदल्यावर पुन्हा टाकायची तार. लोकांना वाटते की केबलवाला बक्कळ कमावतो. तो काळ अ‍ॅनालॉगबरोबर गेला.

इंटरनेटमध्ये पैसा बरा आहे, पण तिथे ग्राहक माझा राहत नाही. नोंद कंपनीच्या प्रणालीत, पैसे कंपनीच्या अ‍ॅपवर, तक्रारही कंपनीच्या क्रमांकावर. माझ्या वाट्याला दुरुस्ती येते. एका कंपनीबरोबरच्या करारात (नाव लिहीत नाही) अशी अट होती की करार संपल्यानंतर ठराविक काळ मी त्याच ग्राहकांना दुसऱ्या कंपनीची सेवा देऊ नये. ती तार माझ्या वडिलांनी ओढलेली. हे मला फार लागले.

निवृत्त दूरसंचार

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो आहे. तांत्रिक बाजू थोडी स्पष्ट करतो, कारण ‘इंटरनेटला टीव्हीचा भार पेलणार नाही’ हा युक्तिवाद अजूनही ऐकू येतो आणि केबल त्यामुळे वाचेल अशी काहींची समजूत आहे.

डिजिटल केबलमध्ये ८ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यात ६४-क्यूएएम या डिजिटल पद्धतीने सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट माहिती जाते. अ‍ॅनालॉगमध्ये जवळपास तेवढ्याच पट्ट्यात एक वाहिनी मावत असे, डिजिटलमध्ये साध्या प्रतीच्या दहाहून अधिक मावतात. प्रसारणाची खरी ताकद अशी की तो पट्टा एक घर पाहो की एक लाख घरे पाहोत, खर्च तोच राहतो. ओटीटीचे तसे नाही. तिथे प्रत्येक प्रेक्षकासाठी स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक होते. त्यासाठी देशभर ठिकठिकाणी सर्व्हर ठेवावे लागतात, आणि प्रत्येक नव्या प्रेक्षकागणिक कंपनीचा खर्च थोडा वाढतो.

आता फायबरचे पाहू. रूढ जीपॉन पद्धतीत (एकच फायबर अनेक घरांत वाटण्याची पद्धत) कंपनीच्या यंत्राच्या एका पोर्टवर सेकंदाला सुमारे २,४८८ मेगाबिट उतरतात आणि तो पोर्ट ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. ६४ घरांनी एकाच वेळी पूर्ण ताण दिला तरी प्रत्येक घराला सुमारे ३९ मेगाबिट येतात. उत्तम प्रतीच्या एका चित्रप्रवाहाला साधारण ५ ते ८ मेगाबिट पुरतात. म्हणजे इंदिरानगरच्या एका इमारतीत प्रत्येक घरात दोन टीव्ही एकाच वेळी सुरू असले तरी फायबर ते सहज पेलते. मोबाइलच्या टॉवरवर मात्र हे गणित बसत नाही. मेनरोडवर गणेश विसर्जनाच्या दिवशी फोनवर चित्र अडकते याचे कारण हेच आहे.

तात्पर्य असे की तांत्रिक मर्यादा आता केबलचे रक्षण करणार नाही. तिला टिकवून ठेवणाऱ्या गोष्टी दोन: स्वस्त दर आणि सवय.

परदेशी नाशिककर

मी मूळचा गंगापूर रोडचा, सध्या अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो. दूरसंचारच्या काकांनी दराचा उल्लेख केला, त्यावरूनच लिहितो, कारण अमेरिकेचा दाखला देताना लोक नेमके तेच विसरतात.

इथे तंत्रज्ञान कंपन्यांचे पहिले प्रयत्न फसले होते. गूगलने २०१० मध्ये गूगल टीव्ही आणला तेव्हा मोठ्या प्रसारण संस्थांनी आपली संकेतस्थळे त्या यंत्रावर दिसू दिली नाहीत. इंटेलने स्वतःची इंटरनेट टीव्ही सेवा उभारली होती, ती ग्राहकांपर्यंत पोहोचण्याआधीच जानेवारी २०१४ मध्ये व्हेरायझनला विकावी लागली. एरिओ नावाची एक छोटी कंपनी प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र अँटेना लावून खुले प्रसारण इंटरनेटवर देत होती, ती जून २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली आणि बंद पडली. यंत्र चांगले असून उपयोग होत नाही, कार्यक्रमांचे हक्क लागतात, हे या कंपन्या तेव्हा शिकल्या. मग त्यांनी हक्कच विकत घ्यायला सुरुवात केली.

पुढचे चित्र मात्र पालटले. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीनुसार जुलै २०२२ मध्ये इथल्या टीव्हीवर पाहिल्या जाणाऱ्या एकूण वेळेत स्ट्रीमिंगचा वाटा प्रथमच केबलच्या पुढे गेला, ३४.८ टक्के विरुद्ध ३४.४ टक्के. मे २०२५ मध्ये तो ४४.८ टक्के झाला आणि केबल व खुले प्रसारण यांच्या बेरजेलाही त्याने मागे टाकले.

पण ग्राहकाचा फायदा झाला का, याचे उत्तर देताना मी थबकतो. इंटरनेटवरून वाहिन्यांचे पॅकेज देणारा यूट्यूब टीव्ही २०१७ मध्ये महिना ३५ डॉलरला सुरू झाला. जानेवारी २०२५ पासून त्याचा दर ८२.९९ डॉलर आहे. ज्या भरमसाट बिलाला कंटाळून लोकांनी केबल काढली, ते बिल दुसऱ्या नावाने परत आले. आणि केबल कंपन्या? टीव्हीचे ग्राहक त्यांनी लाखोंनी गमावले, पण इंटरनेट त्याच देतात. २०२३ मध्ये चार्टर ही केबल कंपनी आणि डिस्नी यांच्यात वाद होऊन वाहिन्या काही दिवस बंद होत्या. तडजोड झाली ती अशी की केबलच्या ग्राहकाला डिस्नीचे स्ट्रीमिंगही पॅकेजमध्येच मिळेल. म्हणजे केबल कंपनी आता ओटीटीची वितरक झाली.

भारतात फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की तिथे केबल आधीपासूनच स्वस्त होती. दीड-दोनशे, तीनशे रुपयांच्या सेवेपासून सुटका करून घेण्याची घाई कुणाला होणार?

इंदिरानगरवासी

दादा, घाई होत नाही हे खरे, पण घरात काय होते ते सांगते.

आमच्याकडे सासूबाईंसाठी केबल आहे आणि मुलांसाठी फायबर. सासूबाईंना रिमोटवरचा एक आकडा दाबला की मालिका लागायला हवी. अ‍ॅप उघडा, प्रोफाइल निवडा, जाहिरात वगळा, ‘पुढे पाहा’वर जा, हे त्यांना जमत नाही असे नाही; त्यांना ते नको आहे. साठ-सत्तर वर्षे वयाच्या माणसावर हा शिकण्याचा भार का टाकावा, असे मलाही वाटते. दुसरीकडे वाहिन्यांच्या कंपन्या स्वतःच आपल्या ग्राहकाला अ‍ॅपकडे नेत आहेत. अ‍ॅपचे पैसे भरले की मालिकेचा भाग टीव्हीवर लागण्याआधीच पाहता येतो. एकाच कंपनीने केबलवरून पैसे घ्यायचे आणि केबलवरचा भाग शिळा करून ठेवायचा, हे मला केबलवाल्यांवर अन्यायाचे वाटते.

आणखी एका गोष्टीकडे या चर्चेत कुणी पाहिलेले नाही. पूर्वी कलेक्शनला मुलगा येई. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्यांचा पगार सात किंवा दहा तारखेला होतो, अशा घरांना तो ‘पगार झाल्यावर द्या’ म्हणत असे. पैसे नसले तर चार-आठ दिवस थांबत असे. आता रिचार्ज संपला की मध्यरात्री सेवा आपोआप बंद. कंपनीच्या दृष्टीने ते नीटनेटके आहे यात शंका नाही. पण कामगार वस्तीत महिन्याच्या पहिल्या आठवड्याची ही उधारी फार मोलाची होती, आणि ती कोणत्याही दररचनेत लिहिलेली नव्हती.

सुरगाण्याहून

आपण सर्व जण शहराचे बोलत आहात. आमच्या सुरगाणा-पेठ भागातल्या पाड्यांवर केबल कधी आलीच नाही, कारण पाच-पंचवीस घरांसाठी डोंगरातून तार ओढणे कुणालाच परवडले नसते. आमच्याकडे टीव्ही आला तो दूरदर्शनच्या छत्रीने. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस सुरू झाली, आज तिला फ्री डिश म्हणतात. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याचे भाडे नाही. केबलचे ग्राहक कमी झाले असतील तर त्याचे सगळे श्रेय तंत्रज्ञान कंपन्यांना देऊ नका. एका सरकारी, विनामूल्य सेवेनेही तिच्याकडचे लोक नेले आहेत, आणि याची शहरातल्या चर्चेत कधी दखल घेतली जात नाही.

इथे एक कायदेशीर मुद्दाही आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण दूरदर्शनला देणे बंधनकारक आहे. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ते सामने दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रसारणावर व फ्री डिशवर दिसतात, खासगी केबल आणि डिशवरून जाणाऱ्या दूरदर्शनवर दिसत नाहीत. म्हणून भारताचा असा सामना असला की आमच्या पाड्यावर तो विनामूल्य दिसतो आणि आपल्या कॉलेज रोडवर त्याला पैसे पडतात.

फोनवर पाहण्याविषयी म्हणाल तर रेंज डोंगराच्या कडेला आहे, घरात नाही. विद्यार्थी अभ्यासाच्या चित्रफिती पाहायला अजूनही कडेला जाऊन बसतात.

रविवार कारंजा

माझे भांडी बाजाराजवळ दुकान आहे. वीस वर्षांहून अधिक काळ मी स्थानिक केबल वाहिनीवर जाहिरात देत आलो. पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी, दिवाळीत आणि लग्नसराईत अर्ध्या मिनिटाची चित्रफीत. आता तो पैसा मी फोनवरच्या जाहिरातीत घालतो, कारण तिथे ‘पंचवटी आणि नाशिकरोड, वय तीस ते पन्नास’ असे ठरवून देता येते आणि किती जणांनी पाहिले हे दुसऱ्या दिवशी समजते. व्यापारी म्हणून मला हे सोयीचे आहे, ते मी लपवत नाही.

मात्र नाशिककर म्हणून मला याची खंत आहे. रंगपंचमीच्या रहाडी (रंगाचे हौद), विसर्जन मिरवणूक, गोदावरीला पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी चढले, महापालिकेच्या सभेत कोण काय बोलले, हे सगळे दाखवणारी माणसे आमच्या त्या जाहिरातींवर जगत होती. मुंबईच्या वृत्तवाहिनीला नाशिक दिसते ते कांद्याचे भाव पडल्यावर, पूर आल्यावर किंवा कुंभमेळ्यात. २०१५ च्या सिंहस्थात कोणता रस्ता बंद आहे, कुठल्या घाटावर गर्दी आहे, हे घरबसल्या समजले ते स्थानिक केबलमुळे. येता सिंहस्थ तोंडावर आहे. तोवर या वाहिन्यांत किती दम उरलेला असेल, हे मला सांगता येत नाही.

त्यांच्यापैकी अनेक जण यूट्यूबवर गेले आहेत. तिथे पुण्यातला नाशिककरही त्यांना पाहतो, हा लाभ आहे. पण जाहिरातीचा दर आणि वाटा परदेशातली कंपनी ठरवते, आणि प्रभागातल्या पाणीटंचाईच्या बातमीला एखाद्या वादग्रस्त भाषणाएवढे प्रेक्षक मिळत नाहीत. मग बातमीदार हळूहळू भाषणांकडे वळतो. हे मी डोळ्यांसमोर होताना पाहतो आहे.

गोदाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. सुरगाण्याच्या मित्रांनी फ्री डिशचा मुद्दा मांडला तो माझ्या मांडणीत यायलाच हवा होता. दूरसंचार नियामक ट्रायच्या आकडेवारीत सशुल्क डिशचे ग्राहक एकेकाळी सात कोटींच्या वर होते, ते आता सहा कोटींच्या आत आले आहेत. या घसरणीत वरून ओटीटी आणि खालून फ्री डिश असा दोन्ही बाजूंचा दाब आहे. केबलची कथाही याहून वेगळी नसावी.

परदेशी नाशिककरांच्या शेवटच्या प्रश्नाशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. केबल स्वस्त आहे म्हणून ती टिकेल, हा तर्क २०२२ पर्यंत बरोबर होता. जून २०२२ मध्ये आयपीएलच्या पाच हंगामांच्या हक्कांचा लिलाव झाला, एकूण ४८,३९० कोटी रुपयांचा. त्यात भारतीय उपखंडासाठी टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटींना गेले आणि मुख्य डिजिटल हक्क २०,५०० कोटींना. ज्या देशात केबल दीडशे रुपयांत मिळत होती, तिथेही पैसा घालणाऱ्यांनी पडदा आणि फोन यांना जवळजवळ एकाच तराजूत तोलले. डिजिटल हक्क घेणाऱ्यांनी २०२३ चा हंगाम जिओसिनेमावर विनामूल्य दाखवला, मराठी समालोचनासह. स्वस्त सेवेला विनामूल्य सेवेने गाठले. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये टीव्ही हक्क घेणारा स्टार आणि डिजिटल हक्क घेणारा रिलायन्सचा समूह एकत्र आले, फेब्रुवारी २०२५ मध्ये हॉटस्टार आणि जिओसिनेमा यांचे एक अ‍ॅप झाले, आणि विनामूल्य क्रिकेटला मर्यादा आल्या. यूट्यूब टीव्हीच्या दराविषयी आपण जे सांगितले, त्याची भारतीय आवृत्ती आपण आता पाहतो आहोत.

आता ही साखळी एका नजरेत पाहा. सामन्याचे हक्क, वाहिनी, अ‍ॅप, फायबर, मोबाइल आणि दोन मोठ्या केबल कंपन्यांतील हिस्सा, हे सर्व एकाच उद्योगसमूहाच्या छत्राखाली असू शकते, आणि आज मोठ्या प्रमाणात आहे. अशा वेळी ‘तंत्रज्ञान विरुद्ध केबल’ हा सामना उरतच नाही. कॉलेज रोडवरच्या एखाद्या इमारतीत आज दोन-तीन फायबर सेवांत निवड करता येते, कारण तिथे दोन-तीन स्वतंत्र केबलचालकांच्या तारा आहेत. ते सगळे एकाच कंपनीचे दुरुस्तीवाले झाले, तर उद्या दर वाढल्यावर जायचे कुठे? जुलै २०२४ मध्ये ट्रायने नेटवर्क शुल्कावरची १३० रुपयांची मर्यादाही काढून टाकली, दर आता बाजारावर सोपवला आहे. बाजारावर सोपवायचे तर बाजारात एकाहून अधिक जण उभे असावे लागतात. म्हणून तारवाला यांच्या करारातली ती अट मला केवळ त्यांची वैयक्तिक अडचण वाटत नाही. ती ग्राहकाचीही अडचण आहे.

तारवाला, आपण आणि आपल्या भागातले इतर चालक एकत्र येऊन स्वतःची इंटरनेट सेवा का सुरू करत नाही? इंटरनेट सेवेचा ‘क’ वर्गाचा परवाना एका दूरसंचार जिल्ह्यापुरता मिळत आलेला आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर परवान्यांची रचना बदलते आहे, तेव्हा ताजे नियम पाहावे लागतील, पण मार्ग बंद झालेला नाही.

तारवाला

सर, आमच्यात ही बोलणी झाली आहेत. परवाना हा त्यातला सोपा भाग आहे. अवघड भाग असा की आमच्या हद्दी बापजाद्यांपासून ठरलेल्या आहेत आणि एकमेकांच्या हद्दीत तार टाकल्याचे जुने वाद मनात आहेत. शिवाय ओटीटीचे पॅकेज द्यायचे तर मोठ्या कंपनीला जो दर मिळतो तो आम्हांला मिळत नाही. ग्राहक विचारतो, ‘तुमच्या नेटबरोबर कोणकोणते अ‍ॅप फुकट?’ तिथे आमचे तोंड बंद होते. तरीही इंदिरानगरच्या ताईंनी पगाराच्या तारखेचे लिहिले, त्यावर आम्ही विचार करतो आहोत. रिचार्ज संपल्यावर आठ दिवस सवलत देणे आमच्या हातात असेल तर कामगार वस्तीतला ग्राहक आमच्याकडे राहील, अ‍ॅप फुकट नसले तरी.

खांबांचीही काळजी आहे. आमच्या तारा जुन्या परवानग्यांवर, काही ठिकाणी तर कुणाच्याच परवानगीवाचून, लटकलेल्या आहेत. उद्या रस्त्यांच्या कामात त्या उतरवायला लावल्या तर परवानाधारक कंपनी रीतसर मार्गहक्क (रस्त्याने, खांबावरून तार नेण्याचा हक्क) मागेल. आम्ही काय मागणार?

निवृत्त दूरसंचार

तारवाला, याचे उत्तर आपण परवाना कुठला घेता यावर अवलंबून आहे. दूरसंचार मार्गहक्काचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. ते दूरसंचार जाळे उभारण्यास अधिकृत असलेल्या संस्थांसाठी आहेत, केवळ केबल टीव्हीची नोंदणी असलेल्यांसाठी नाहीत. म्हणजे आपण परवाना घेतलात तर महापालिकेकडे आणि महावितरणकडे खांबासाठी किंवा खोदाईसाठी रीतसर अर्ज करण्याचा अधिकार आपल्यालाही येईल. एकट्याला हे झेपणार नाही, संस्था करूनच करावे लागेल. सहकारी संस्था की मर्यादित कंपनी, हे सनदी लेखापालाला विचारून ठरवा.

तोवर दोन गोष्टी आजच करता येतील. कोणत्याही कंपनीशी करार करताना खांबापासून घरापर्यंतची तार कुणाच्या मालकीची, हे कलम स्पष्ट लिहून घ्या. घरातला ओएनयू (फायबर जोडतात तो बॉक्स) कंपनीचा असला तर असू द्या, तार आपली राहिली पाहिजे. आणि नवी तार ओढताना एका कोअरची (एकाच काचतंतूची) न ओढता चार कोअरची ओढा. मजुरी तेवढीच पडते, तारेचा खर्च थोडा वाढतो, पण उद्या दुसरी सेवा द्यायची झाली तर पुन्हा शिडी लावावी लागत नाही. करारातली कलमे नावे झाकून इथे टाकलीत, तर मी आणि येथील इतर मंडळी ती वाचून पाहू.